मत्स्यन्याय कीं भाऊबंदकी?

राजनीतीवरील आपल्या जुन्या ग्रंथांत ‘मत्स्यन्याय’ हा शब्द वारंवार येतो. दंड धारण करणारा राजा नसेल तर मोठा मासा जसा लहान माशाला गिळतो तसा बलवान् मनुष्य दुर्बळाला गिळून टाकील, असा त्या शब्दाचा आशय आहे. या मत्स्यन्यायानें गांजलेल्या लोकांनींच मनूला आपला राजा केलें, अशी कथा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितली आहे. महाभारताच्या शांतिपर्वांतही अराजकाच्या वर्णनांत हीच उपमा योजिली आहे. ही उपमा इतकी रुळली कीं, मासे एकमेकांशीं वागतात ते केवळ याच न्यायानें, याविषयीं शंका घेण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं. आम्हांसही पडलें नव्हतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरीं खार्‍या पाण्याची एक कांचेची टांकी पाहण्यांत आली, आणि तेथें जें घडलें त्यानें या जुन्या शब्दाचा आम्हांस नव्यानें विचार करावयास लाविलें.

हे स्नेही परदेशीं स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या दिवाणखान्यांतली ती टांकी चार फूट लांब होती. आंत खडक रचलेले, खडकांवर कलमें लावून वाढविलेलीं प्रवाळें, आणि त्यांमधून फिरणारे पांचसहा मासे. त्यांतला सर्वांत लहान मासा डॅमसेल नांवाच्या कुळांतला, उण्यापुर्‍या दोन इंचांचा व गर्द निळ्या रंगाचा होता. टांकी नवी असतांना स्वस्त आणि काटक म्हणून तोच प्रथम आणलेला. सहा महिन्यांनीं त्याला सोबत व्हावी या सद्धेतूनें यजमानांनीं त्याच्याच जातीचे आणखी दोन मासे आणून सोडले. तिसर्‍या दिवशीं सकाळीं ते दोन्ही, पर फाटलेल्या स्थितींत, एका कोपर्‍यांत मरून पडलेले आढळले. त्याच्या दुप्पट लांबीचे दुसर्‍या जातींचे मासे मात्र सुखरूप होते. घरांतल्या आठ वर्षांच्या मुलीनें आम्हांस विचारलें, “आजोबा, मोठा मासा लहानाला खातो ना? मग यानें आपल्याएवढ्यांनाच कां मारलें? आणि मारलें तर खाल्लें कां नाहीं?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें तें शोधूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, खारें पाणी भिंतींत अथवा कांचेंत कोंडून त्यांत मासे पाळण्याचा मनुष्याचा जो दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, त्यांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला आहे. आणि त्याचें घाईचें उत्तर देणार्‍यांत मोठमोठे विद्वान् आहेत.

हा इतिहास रोमपासून सुरू करावा लागतो. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळांत धनिक लोकांस समुद्रकांठीं खार्‍या पाण्याचीं तळीं बांधण्याचें वेडच लागलें होतें. लुकुल्लस या सेनापतीनें आपल्या तळ्यांत समुद्राचें पाणी आणण्यासाठीं नेपल्सजवळ डोंगर फोडला, असें प्लिनी लिहितो. या तळ्यांतला मानाचा मासा म्हणजे मुरीना. आपल्याकडील वामेसारखा लांबट, तीक्ष्ण दातांचा आणि चावरा म्हणून प्रसिद्ध. होर्टेन्सियस हा नामांकित वक्ता आपली लाडकी मुरीना मेली तेव्हां रडला असें लोक म्हणत. अँटोनिया या राजकुलांतील स्त्रीनें तर आपल्या मुरीनेला कर्णभूषणें घातलीं होतीं. परंतु मुरीनेचें नांव इतिहासांत काळें झालें तें व्हेडियस पोलियो या धनाढ्यामुळें. चुकलेल्या गुलामास मुरीनांच्या तळ्यांत टाकावें, ही त्याची शिक्षा. एकदां सम्राट् ऑगस्टस त्याच्याकडे जेवावयास असतां एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला, आणि पोलियोनें त्याला तळ्यांत फेंकण्याची आज्ञा केली. गुलामानें सम्राटाचे पाय धरले. मरण चुकवा असें तो म्हणाला नाहीं; निराळें मरण द्या, इतकेंच त्याचें मागणें होतें. ऑगस्टसनें त्याला सोडविलें, पोलियोचे सारे स्फटिकाचे पेले आपल्यासमक्ष फोडविले आणि तें तळें बुजविण्यास लाविलें. सेनेकानें क्रोधावरील आपल्या ग्रंथांत हा प्रसंग नमूद केला आहे.

या प्रसंगांत क्रौर्य कोणाचें हें सम्राटानें बरोबर ओळखलें. तथापि तळें बुजविलें म्हणजे त्यांतले मासेही गेलेच. वास्तविक मुरीना हा कपारींत दडून राहणारा प्राणी. त्याला माणसाच्या मांसाची चटक लावणारा पोलियो. धन्याच्या स्वभावाचें प्रायश्चित्त माशानें भोगावें, ही रीत अशी फार जुनी आहे.

कांचेंतून समुद्रजीवांकडे पाहण्याची सोय एकोणिसाव्या शतकांत झाली, आणि तिच्या आरंभीं दोन स्त्रियांचीं नांवें येतात याचें आम्हांस विशेष वाटतें. सिसिलींतील मेसिना येथें राहणार्‍या झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीनें १८३२ सालीं आर्गोनॉट नांवाच्या प्राण्याचा अभ्यास करण्यासाठीं कांचेच्या पेट्या तयार करविल्या, आणि हा प्राणी आपला शिंपला स्वतःच बनवितो, दुसर्‍याचा बळकावीत नाहीं, हें सिद्ध केलें. पुढें १८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या दक्षिण किनार्‍यावरील टॉर्की येथून जिवंत प्रवाळें लंडनला नेलीं. समुद्राचें पाणी रोज आणणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांची दासी तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसर्‍यांत ओतून त्यांत हवा मिसळीत असे. पुढील वर्षीं बाईंनीं पाण्यांत समुद्रशैवाल ठेवण्यास आरंभ केला, व तें प्राणवायु पुरवूं लागल्यावर दासीचे श्रम वांचले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें त्याच सुमारास वनस्पति आणि प्राणी यांचा समतोल गोड्या पाण्यांत साधून दाखविला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचा ‘ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. चार क्षार विरघळवून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीतही गॉसनें त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. त्यानंतर इंग्लंडांतील सुशिक्षित कुटुंबांत घरोघर टांक्या आल्या. सुटीच्या दिवशीं बादल्या घेऊन लोक किनार्‍यावर लोटूं लागले व खडकांतील पाणथळें लुटलीं गेलीं. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत या नासधुशीबद्दल खेद व्यक्त केला आहे, व आपल्या वडिलांच्या लेखनाचा तीस हातभार लागला हें त्यानें झांकलें नाहीं.

या पहिल्या पिढीपुढचा मुख्य प्रश्न पाण्याचा होता. मासा मेला तर तो पाणी नासल्यानें मेला, असेंच समजत, आणि बहुतेक वेळां तें खरेंही असे. माशाच्या मलमूत्रांतून अमोनिया हा विषारी पदार्थ निघतो. त्याचें रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु टांकींत स्थिरावेपर्यंत आंतील जीवांच्या जिवाला धोका असतो. ही उपपत्ति तेव्हां माहीत नव्हती, तरी अनुभवानें मार्ग निघत गेले. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें दर्शनी टांक्यांच्या खालीं मोठे अंधारे हौद ठेवून पाणी सतत फिरतें ठेवण्याची योजना केली. हांबुर्ग येथें १८६४ सालीं व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं त्याच्या देखरेखीखालीं अशीं मत्स्यालयें झालीं. अँटोन डोर्न यानें स्थापिलेल्या नेपल्सच्या संशोधनकेंद्राचें मत्स्यालय १८७४ सालीं लोकांस खुलें झालें. ज्या आखाताच्या कांठीं पोलियोचें तळें होतें त्याच आखाताच्या कांठीं आतां लोक माशाकडे कुतूहलानें पाहूं लागले, ही प्रगति लहान नव्हे.

परंतु पाणी टिकूं लागलें तेव्हां पाण्याच्या सबबीखालीं दडलेला दुसरा प्रश्न उघडा पडला. पाणी निर्मळ असतांही कित्येक मासे मरत, आणि त्यांच्या अंगावर दातांच्या खुणा असत. समुद्रांत दोन मासे भांडले तर हरलेला पळून जातो, आणि पळाला कीं भांडण संपतें. जिंकणारा त्याचा पाठलाग आपल्या हद्दीपलीकडे सहसा करीत नाहीं. टांकींत हरलेला पळतो तो कांचेपर्यंत. तेथून पुढें जागा नसते. तो अजून आपल्या हद्दींतच आहे असें जिंकणार्‍यास दिसतें, आणि तो पुन्हां तुटून पडतो. समुद्रांत जें भांडण दोन क्षणांत मिटलें असतें तें येथें खुनानें मिटतें. यांत माशाचा स्वभाव तोच आहे. बदलली आहे ती फक्त पळून जाण्याची वाट.

ही हद्द माशाच्या मनांत किती पक्की असते, हें हॉलंडांतील निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञानें स्टिकलबॅक नांवाच्या लहान काटेरी माशावर प्रयोग करून दाखविलें. विणीच्या दिवसांत या नराचें पोट तांबडें होतें, व तांबडें पोट दिसलें कीं दुसरा नर चवताळतो. लायडन येथें खिडकींतल्या टांकीसमोरून टपालाची तांबडी गाडी गेली तर हे मासे तिच्यावरही धांवून जात, ही टिनबर्गेनची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानें एकाच टांकींत दोन घरटीं असलेले दोन नर दोन कांचनळ्यांत घातले. दोन्ही नळ्या पहिल्याच्या घरट्यापाशीं नेल्या कीं पहिला हल्ल्याचा आव आणी व दुसरा पळूं पाही. त्याच नळ्या दुसर्‍याच्या घरट्यापाशीं नेल्या कीं दुसरा शूर होई व पहिला भित्रा. शौर्य आणि भय हीं त्या माशांत नसून जणूं जमिनींत होतीं. ज्यांनीं आपल्या गांवच्या वतनाचे व बांधाचे तंटे पाहिले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

टिनबर्गेनचा मित्र कोनराड लोरेन्झ हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ या विषयांतला सर्वांत प्रसिद्ध, आणि आमच्या मतें सर्वांत बोधप्रद, पुरुष होय. बोधप्रद अशासाठीं कीं, त्यानें फार मोठें सत्य पाहिलें आणि फार मोठी उडी मारली. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन ग्रंथाचा आरंभ फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांजवळ प्रवाळांवर पोहतांना केलेल्या निरीक्षणानें होतो. भडक रंगांचे मासे आपल्याच जातीच्या माशावर तुटून पडतात, परक्या जातीच्यांकडे तितकें लक्ष देत नाहींत, हें त्यानें समुद्रांत पाहिलें व टांक्यांत पडताळलें. टांकींत अखेर प्रत्येक जातीचा बहुधा एकेकच मासा शिल्लक उरे. याचें कारण त्यानें असें दिलें कीं, परक्या जातीच्या माशाचें अन्न निराळें असतें. आपल्या जातीचा मासा मात्र तेंच अन्न खाणारा, तीच कपार मागणारा असतो. म्हणून प्रत्येकानें आपल्या भाऊबंदाला दूर ठेवावें यांतच जातीचें हित असतें. भडक रंग म्हणजे ‘ही जागा भरलेली आहे’ अशी लांबून वाचतां यावी अशी पाटी.

येथवरचें विवेचन मत्स्यन्यायाची कल्पना पार उलटी करणारें आहे. मोठा मासा लहानाला खातो तेव्हां त्यांत राग नसतो; आपण भाजी चिरतांना आपल्याला भाजीचा राग येत नाहीं. राग असतो तो बरोबरीच्यावर. आपल्या भाषेंत या दुसर्‍या प्रकाराला फार नेमका शब्द आहे, व तो म्हणजे भाऊबंदकी. संस्कृतांतील पंडितांनीं माशांपासून पहिला शब्द घेतला. दुसरा शब्द मराठी माणसाला माशांकडे न पाहतांच सुचला!

परंतु लोरेन्झ एवढ्यावर थांबला नाहीं. आक्रमणाची ऊर्मि प्राण्याच्या ठिकाणीं आपोआप सांचत जाते, तिला वाट मिळाली नाहीं तर ती भलत्याच ठिकाणीं फुटते, आणि मनुष्याची युद्धें व झुंडींचा उन्माद यांच्या मुळाशीं हीच ऊर्मि आहे, असें त्यानें मांडलें. खेळांच्या सामन्यांसारखी निरुपद्रवी वाट तिला करून द्यावी, असा त्याचा उपाय होता. दुसर्‍या महायुद्धाच्या आठवणी ताज्या असलेल्या जगाला हें विवेचन पटकन् पटलें व ग्रंथ अनेक भाषांत गेला. १९७३ सालीं लोरेन्झ, टिनबर्गेन व कार्ल फॉन फ्रिश या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण आक्षेपही कठोर आले. ॲशले मॉन्टॅग्यू या मानववंशशास्त्रज्ञानें १९६८ सालीं या मतांच्या खंडनपर लेखांचा संग्रहच काढला. १९८६ सालीं स्पेनमधील सेव्हिल येथें जमलेल्या शास्त्रज्ञांनीं, युद्ध हें मनुष्याच्या जन्मजात स्वभावांत लिहिलेलें आहे असें म्हणणें शास्त्रदृष्ट्या चूक आहे, असें निवेदन काढलें, व युनेस्कोनें १९८९ सालीं तें स्वीकारलें.

या वादाला एक काळी किनार आहे व ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लोरेन्झ १९३८ सालीं नाझी पक्षाचा सभासद झाला होता, आणि त्या काळांत पाळीव प्राण्यांच्या र्‍हासावरून माणसांच्या वंशशुद्धीचीं अनुमानें काढणारें लेखन त्यानें केलें होतें. नोबेल पारितोषिकाच्या वेळीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यानें त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच्या माशांवरील निरीक्षणांचें मोल यामुळें कमी होत नाहीं. परंतु प्राण्याकडे पाहून माणसाविषयीं घाईनें बोलण्याची संवय एकदां जडली म्हणजे ती विद्वानाला कोठवर नेते, हें यावरून कळतें. युद्धें आपल्या रक्तांतच आहेत असें एकदां ठरलें, कीं तीं टाळण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाहीं. टांकींतला प्रश्न दिवाणखान्यांतला न राहतां सार्‍यांचा होतो, तो या ठिकाणीं.

शिवाय माशांचें चित्रही पुढें अधिक गुंतागुंतीचें निघालें. लो या अभ्यासकानें १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरील एका जातीचा डॅमसेल परक्या जातींच्या माशांनाही हांकलतांना दिसला. मात्र हांकलले जात ते मुख्यतः शेवाळ खाणारे. त्याच्या अन्नाला ज्यांपासून भय नाहीं त्यांना तो जवळून जाऊं देई. म्हणजे भांडण रंगाचें अथवा जातीचें नसून शेताचें होतें. ‘शेत’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजीत नाहीं. ओकिनावा येथें हाता व काटो या जपानी संशोधकांनीं २००२ सालच्या सुमारास दाखविलें कीं, एका जातीचा डॅमसेल आपल्या हद्दींत एकाच जातीचें तांबडें शेवाळ राखतो आणि इतर शेवाळ उपटून बाहेर टाकतो. निंदणी करणारा शेतकरी दुसर्‍याचीं गुरें शेतांत शिरूं देत नाहीं. त्यास आपण भांडखोर म्हणत नाहीं, राखणदार म्हणतों.

दुसरा शोध याहून विलक्षण आहे. समुद्रपुष्पांत राहणार्‍या नारिंगी क्लाऊन माशांच्या घरांत सर्वांत मोठी मादी असते, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि मग आकारानें उतरत जाणारे अप्रौढ मासे. हान्स व सिमोन फ्रिके या उभयतांनीं १९७७ सालीं दाखविलें कीं, मादी नाहींशी झाली तर तिचा नर स्वतः मादी होतो, व त्याच्या खालचा मासा नर होतो. ती असेपर्यंत तिच्या धाकामुळेंच तो नर राहतो. साफसफाई करणार्‍या एका जातीच्या माशांत याच्या उलट प्रकार १९७२ सालीं रॉबर्टसन यानें नोंदला. तेथें मुख्य नर गेला कीं सर्वांत वरचढ मादी कांहीं तासांतच नराप्रमाणें वागूं लागते व सुमारें दोन आठवड्यांत खरोखरीच नर होते. पीटर बस्टन यानें २००३ सालीं असेंही दाखविलें कीं, क्लाऊन माशांतले कनिष्ठ मासे वरच्याच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून आपली वाढच आवरून धरतात; वाढले तर हकालपट्टी ठरलेली, आणि हकालपट्टी म्हणजे मृत्यु. आपण जीस मारकुटेपणा म्हणतों ती या घराची व्यवस्था आहे. ती आपल्याला आवडेल असें नाहीं. पण ती अराजक खास नव्हे.

फार काय, प्रवाळेंही याला अपवाद नाहींत. ज्युडिथ लँग या विदुषीनें १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत जमेका बेटाजवळ दाखविलें कीं, शेजारीं वाढणार्‍या प्रवाळावर दुसरें प्रवाळ आपले पाचक तंतु टाकून त्याला जिवंतपणीं विरघळवितें. आपल्या बायका गळ्यांत घालतात तें पोवळें भूमध्य समुद्रांतील निराळ्या जातीचें. पण प्रवाळ म्हटलें कीं मांगल्य व शांति आठवणार्‍या आपल्या मनाला ही हकीकत थोडी धक्का देणारीच आहे.

आतां टांकीकडे परत येऊं. प्रवाळें घरांत जिवंत ठेवण्याची कला गेल्या साठसत्तर वर्षांतली आहे. जकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ सालीं एका मासिकांत आपली पद्धति प्रसिद्ध केली. समुद्रांतून आणलेले, सूक्ष्म जीवांनीं भरलेले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर तो प्रवाळें राखीत असे. पुढें जर्मन भाषिक हौशी लोकांनीं या जिवंत खडकांस फेंस काढणार्‍या यंत्राची व प्रखर दिव्यांची जोड दिली. पीटर विल्केन्स याचा १९७३ सालचा ग्रंथ या परंपरेंतला महत्त्वाचा समजतात. १९८० सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत वॉल्टर एडी यानें उभारलेली प्रवाळभित्ती लोकांनीं पाहिली. या साधनांचा भांडखोर माशांशीं संबंध असा कीं, उघड्या टांकीपेक्षां कपारींनीं भरलेल्या टांकींत हरलेल्याला दृष्टीआड होतां येतें. वाट नसली तरी आडोसा मिळतो, आणि दिसेनासा झालेला शत्रु बहुधा विसरला जातो.

अनुभवी पाळणार्‍यांचे नियम या दृष्टीनें पाहिले म्हणजे त्यांतला प्रत्येक सार्थ वाटतो. गरीब स्वभावाचे मासे आधीं सोडावे व तापट सर्वांत शेवटीं, कारण जो आधीं आला तो मिरासदार आणि मागून आलेला उपरी. जुना मिरासदार फार माजला असेल तर नवा मासा सोडतांना सारे खडक उलटेपालटे करावे. बांधच मोडल्यावर वतन कोणाचें, हें त्याला कांहीं काळ कळत नाहीं. किंवा नव्याला कांहीं दिवस भोकें पाडलेल्या पारदर्शक पेटींत ठेवावें, म्हणजे तो दिसत राहून संवयीचा होतो. एका जातीचा एकच ठेवावा, नाहींतर जुळलेली जोडी. दोन शेवाळखाऊ मासे ठेवणें असल्यास त्यांची ठेवण व रंग भिन्न असावे. तांबड्या समुद्रांतला सोहल हा सर्जन मासा फार देखणा; पण शेपटीच्या मुळाशीं असलेल्या त्याच्या धारदार काट्यापुढें लहान टांकींत कोणाचा निभाव लागत नाहीं. ट्रिगर माशांपैकीं पुष्कळ जाति खेंकडे, गोगलगाई व समुद्रसाळी फोडून खाणार्‍या. त्यांना प्रवाळांच्या टांकींत आणून मग त्यांच्या खादाडपणाची तक्रार करणें म्हणजे मांजराच्या हवालीं दूध करून त्याला चोर म्हणणें होय. या सर्व नियमांचें सार एकच: मासा बदलत नाहीं; जागा, क्रम व आडोसा बदलतां येतात. आमच्या स्नेह्यांच्या टांकींतला निळा मासा दुष्ट नव्हता. त्याला पहिला मान देऊन मग त्याच्याच घरांत दोन वाटेकरी सोडणारे त्याचे धनी अजाण होते.

हा छंद समुद्राला किती महाग पडतो, हेंही सांगितलें पाहिजे. १९६० नंतर फिलिपाइन्स बेटांत प्रवाळांतले मासे पकडण्यासाठीं सोडियम सायनाइडचें पाणी कपारींत फवारण्याची रीत पडली. मासा गुंगतो आणि हातीं लागतो. पुष्कळ मासे पुढें मरतात, व सभोंवतींचीं प्रवाळेंही दगावतात. उलट मार्गानेंही हानि झाली आहे. हिंदी व पॅसिफिक महासागरांत राहणारा सिंहमासा १९८५ सालीं फ्लॉरिडाच्या किनार्‍यापाशीं प्रथम सांपडला. हौशी लोकांनीं टांकींतून सोडून दिलेल्यांची ती संतति असावी, असें अभ्यासक मानतात. पुढें तो कॅरिबियन समुद्रभर पसरला, आणि तेथील लहान माशांना त्याची ओळखच नसल्यामुळें तो त्यांस सहज गिळत सुटला. खराखुरा मत्स्यन्याय पाहावयाचा असेल तर तो येथें पाहावा. मात्र तो माशांनीं आणलेला नसून माणसानें आणला आहे.

आमच्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि मराठी कुटुंबांतल्या कित्येक पिढ्यांनीं रंगीत समुद्री मासे प्रथम पाहिले ते तेथेंच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या पाण्यांत जिवंत प्रवाळें आहेत, हें मात्र किल्ला पाहून परतणार्‍या पुष्कळांस ठाऊक नसतें. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें, आणि २००१ सालीं प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलें. तेव्हांपासून आपल्या देशांत तीं समुद्रांतून काढणें गुन्हा आहे. हा निर्बंध कोणास जाचक वाटल्यास त्यानें एडमंड गॉसचा खेद आठवावा.

त्या लहान मुलीला आम्हीं पुढें पत्र लिहिलें. त्यांत इतकेंच सांगितलें कीं, तुमच्या निळ्या माशानें त्या दोघांना भूक लागली म्हणून मारलें नाहीं, आणि वाईट होता म्हणूनही नाहीं. त्याला वाटलें कीं, हे आपलें घर घ्यावयास आले. समुद्रांत असतें तर त्यानें त्यांना चार हात दूर लाविलें असतें आणि तेही दुसरें घर शोधावयास गेले असते. तुमच्याकडे दुसरें घर नव्हतें. तिनें उत्तरीं कळविलें कीं, आतां त्या टांकींत नवा मासा आणावयाचा नाहीं असें तिनें बाबांकडून कबूल करून घेतलें आहे.

राजनीतिकारांनीं मत्स्यन्याय टाळण्यासाठीं राजा पाहिजे असें म्हटलें, व तें योग्यच आहे. परंतु घर असो, गांव असो कीं राष्ट्र असो, भाऊबंदकीचा प्रश्न केवळ दंडानें सुटत नाहीं. दोघांना पुरेल एवढी जागा आहे कीं नाहीं, आणि हरलेल्याला जाण्यास वाट ठेविली आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. तेवढें पाहण्यासाठीं माणूस मासा आहे असें मानण्याची गरज नाहीं. उलट मासा कांच हलवूं शकत नाहीं, माणूस हलवूं शकतो, हा दोघांतला भेद लक्षांत ठेविला म्हणजे पुरे.